तड्याशेजारची जागा

माणसांचे फोटो काढून पोट भरणारे पुष्कळ असतात. मी भिंतींचे फोटो काढायचे. त्यातही धड भिंतींचे नाही, तड्यांचे. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "आमच्या बेडरूमच्या कोपऱ्यात एक तडा आहे, जरा बघाल का?"

काम असं होतं. जुन्या इमारतीची तपासणी करायला इंजिनियर येतो, भिंती ठोकून बघतो, कॉलम बघतो आणि अहवाल लिहितो. पण तो अहवाल वाचणारा साहेब काही इमारत बघायला जाणार नसतो. त्याला टेबलावर बसून तडा दिसला पाहिजे. समोरून फ्लॅश मारला तर तडा फोटोत दिसतच नाही, भिंत सपाट पांढरी येते. दिवा भिंतीच्या कडेने तिरपा धरावा लागतो. मग तड्याच्या एका काठाची सावली पडते आणि तो उठून दिसतो. शेजारी फूटपट्टी धरायची, खडूने नंबर घालायचा आणि बटण दाबायचं. यात कला वगैरे फारशी नाही. हात स्थिर लागतो आणि धूळ सहन व्हावी लागते.

खरी अडचण वेगळीच. तडा कुठेही पडतो. तो सरकारी तिजोरीच्या खोलीत पडतो, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पडतो, कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये पडतो, तुरुंगातही पडतो. आणि या सगळ्या इमारतींच्या दारावर एकच पाटी असते: कॅमेरा आत नेण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे माझं अर्धं आयुष्य तडे शोधण्यात गेलं आणि अर्धं त्या पाटीखाली उभं राहण्यात.

कॅमेरा मी भाईंदरजवळच्या डोंगरी गावच्या पास्कूमामांकडून घेतला. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. लग्नाआधी मी दादरच्या एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायचे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला राहायला आले आणि ती नोकरी सुटली. मिस्टर पोस्टात होते. मी घरातच, एका मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर पासपोर्ट फोटो काढायला लागले. पास्कूमामा त्यांच्या मुलीला फोटोसाठी घेऊन आले होते. आयुष्यभर जहाजावर खानसामा होते. माझा कॅमेरा बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या रविवारी स्वतःचा घेऊन आले. जपानी, काळ्या कातड्याच्या केसमधला, नवा वाटावा असा.

"माज्या डोल्यांना आता यातलं काय दिसत न्हाय," ते म्हणाले. "पोरीचं लगीन हाय. त्याचे फोटू तू काढ, मंग यो तुजाच."

मी लग्नाचे फोटो काढले आणि तो कॅमेरा माझा झाला. भाईंदरची हवा खारी. लेन्सच्या आत बुरशी धरते. म्हणून आमच्या कपाटात कॅमेऱ्याचा वेगळा कप्पा होता आणि त्यात पावसाळाभर झिरोचा बल्ब जळत असायचा. सासूबाई म्हणायच्या, "देव्हाऱ्यातला दिवा विझवला तुम्ही आणि कपाटात लावला." आमच्या घरात बुद्धवंदना होते, देव्हारा सासूबाईंच्या माहेरी होता, पण त्यांना बोलायला विषय लागायचा.

भिंतींकडे मी आमच्याच बिल्डिंगमुळे वळले. मिठागरावर भराव घालून बांधलेली ती बिल्डिंग. काही वर्षांतच जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला. सोसायटीने भाईंदर पश्चिमेच्या परीखसाहेबांना बोलावलं. सरकारी इमारतींच्या तपासणीची कामं करणारा शांत, जाडजूड चष्म्याचा गुजराती इंजिनियर. मी आधीच त्या तड्याचे फोटो काढून ठेवले होते. रिटचिंगच्या सवयीमुळे तिरपा दिवा मला सुचला, कारण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्याच उजेडात दिसतात.

परीखसाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "सुलभाबेन, हा कोणी काढला? माझा फोटोग्राफर भिंतीचा फोटो काढतो की दुधाचा, काय समजत नाय."

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर कामाला जायला लागले.

पहिल्याच वर्षी बंदराजवळच्या एका सरकारी गोदामात धडा मिळाला. आत जाताना कोणी काही विचारलं नाही. दिवसभर मी छपराच्या तुळयांचे फोटो काढले. बाहेर पडताना रखवालदाराने कॅमेरा मागितला. "अंदर क्या है?"

"फिल्म है भैया, खोलना मत..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने मागचं झाकण उघडलं होतं. भर उन्हात. त्याने फिल्म बोटाने थोडी ओढून पाहिली, उजेडात धरली आणि समाधानाने म्हणाला, "कुछ नहीं है. खाली है. जाओ."

आता कोणालाही सांगावं लागतं की उजेड लागला की तेव्हाची फिल्म मेली. त्याला चित्र दिसलं नाही म्हणून तो खूश आणि माझा अख्खा दिवस वाया. परीखसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चलो, पुन्हा चढा." त्यानंतर मी नियम केला. गेटवर कॅमेरा आपणच उघडून दाखवायचा, रिकामा. आत गेल्यावर अधिकाऱ्यासमोर रोल घालायचा आणि निघताना त्याच्यासमोरच काढून डबीत बंद करायचा. संशयी माणसाला आपण स्वतःहून दाखवलं की त्याचं कुतूहल निम्मं होतं.

दुसरा प्रसंग टेलिफोन एक्स्चेंजचा. पासवर कॅमेऱ्याचा नंबर लिहायची पद्धत होती. टायपिस्टने तिनाच्या जागी आठ मारला. आत जाताना कोणाच्या लक्षात आलं नाही, बाहेर येताना आलं. तिथले सुरक्षा अधिकारी अतिशय सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितलं, "मॅडम, या नंबरचा कॅमेरा आत आलेलाच नाही. जो आत आला नाही तो बाहेर कसा सोडू?"

"मग जो आत आलाय तो कुठे आहे?"

"तो आतच असणार. तोही शोधावा लागेल."

परीखसाहेब चिडले. फोन झाले. वरचे साहेब मीटिंगमध्ये. मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिले. तो तिथे ठेवून घरी जाणं मला शक्यच नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, हा कॅमेरा मी आत्ता आत आणते असं समजा. नवीन नोंद करा." त्यांनी विचार केला. मला गेटच्या बाहेर उभं केलं, कॅमेऱ्याची आवक नोंदवली, मला आत घेतलं, शिक्का मारला आणि लगेच जावक नोंदवून बाहेर सोडलं. चुकीच्या नंबरचा तो दुसरा कॅमेरा त्यांच्या हिशेबाने अजून त्या इमारतीतच असेल.

त्र्याण्णवच्या स्फोटांनंतर हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. दारोदार धातू शोधणाऱ्या चौकटी आल्या, पिशव्या उलट्या होऊ लागल्या. माझ्या पिशवीत कॅमेरा, तारांचा गुंडाळा, हातदिवा, प्लास्टर ऑफ पॅरिसची पुडी. ती पांढरी पावडर बघून शिपायांचे चेहरे बदलायचे. मी कोणाला दोष देत नाही. ते दिवसच तसे होते, आणि आपला माणूस सुखरूप घरी यावा असं त्यांच्याही घरी कोणाला तरी वाटत होतं.

त्यानंतरच्या दोनेक वर्षांत तुरुंगाचं काम आलं.

तुरुंगाचं नाव लिहीत नाही. जुना, दगडी, जिल्ह्याच्या गावातला. त्याच्या महिला विभागाच्या बराकीत एक तडा होता आणि तिथे पुरुष फोटोग्राफर जाऊ शकत नव्हता, म्हणून मी. मोठ्या फाटकात एक छोटं दार, त्यातून वाकून आत. आत गेलं की मागचं दार बंद होतं आणि मगच पुढचं उघडतं; मधे काही क्षण आपण ना आत ना बाहेर. गेटवरच्या महिला शिपायाने पासवरचं नाव वाचलं, गायकवाड, आणि माझी झडती घेता घेता हळू आवाजात म्हणाली, "जयभीम, ताई. कॅमेरा नीट धरा, इथे फरशी ओली असते."

महिला विभागाच्या अधिकारी मोरेबाई. पन्नाशीच्या, उंच, बोलणं तुटक. त्यांनी परवानगीचा कागद मला वाचून दाखवला: फक्त भिंत. बंदी स्त्रियांचा चेहरा फोटोत येता कामा नये. रोल इथे जमा होईल, फोटो अधीक्षकसाहेब तपासतील.

"समजलं?"

"समजलं."

बराक म्हणजे एक लांबच लांब खोली. दोन्ही बाजूंना घोंगड्यांच्या वळकट्या. एका टोकाच्या भिंतीत तडा. बाहेरच्या अंगाला वडाचं झाड होतं आणि त्याच्या मुळांनी तो पाडला होता. खालच्या बाजूला त्यात माझी चार बोटं आरामात जात होती. हात घातला तर बाहेरची हवा लागली.

तड्याला अगदी चिकटून एक घोंगडी पसरलेली होती आणि तिच्यावर एक लहान मुलगी पालथी पडून फरशीवर बोटाने काहीतरी काढत होती.

"ही इथे झोपते?" मी विचारलं.

"माझी हाय ती," मागून आवाज आला. पंचविशीची, किडकिडीत बाई. "पिंकी, ऊठ, बाईंना काम करू दे."

तिचं नाव कमल. बराकीत पंखा नव्हता. मे महिन्यात त्या तड्यातून तेवढी वाऱ्याची झुळूक यायची, आणि म्हणून ती खोलीतली सगळ्यात चांगली जागा होती. तिच्यावरून भांडणं होत. कमलने कोणाकोणाची धुणी धुऊन ती मुलीसाठी मिळवली होती.

मी बाहेर जाऊन परीखसाहेबांना सांगितलं. ते भिंतीच्या बाहेरच्या बाजूने, वडाखाली उभे होते. त्यांनी मान वर करून भिंत पाहिली.

"तिच्या डोक्यावर किती टन दगड आहे, माहीत आहे?" ते म्हणाले. "आजच्या आज उठवा तिला."

मोरेबाईंनी त्याच वेळी ती जागा मोकळी करायला लावली. कमल म्हणाली, "मग पोरीला उकाड्यानं मारू काय? तिच्या अंगावर घामोळ्या बघा." मोरेबाई म्हणाल्या, "भिंत पडली तर घामोळ्या बघायला राहशील का तू?" पण त्यांनाही ठाऊक होतं की दार लागलं की बायका पुन्हा तिथेच सरकणार. बराकीत दुसरीकडे जागाच नव्हती.

आता थोडं तड्यांविषयी. काही तडे जुने, थांबलेले असतात. काही वाढत असतात. नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने दोन्ही काठांना चिकटवतात. भिंत सरकली तर काच तडकते. आधीच्या कोणा तपासनिसाने हा तडा जुना आणि थांबलेला असल्याचं लिहून ठेवलं होतं, आणि खात्याचं म्हणणं होतं की वाढतोय हे दाखवा, मग बघू. म्हणून मी माझ्या हाताने तीन ठिकाणी काचा बसवल्या, त्यांचे फोटो काढले.

मी सामान आवरत असताना कमल जवळ आली. "बाई, माझ्या पोरीचा एक फोटू काढा ना. माझ्यासंगट."

"परवानगी नाही गं."

"पोरीला नेणार हायेत. मोठी झाली म्हणं. बालगृहात टाकणार."

नियमाने मूल लहान असेपर्यंतच आईजवळ राहतं. पिंकीचा जन्म झाला तेव्हापासून ती याच भिंतींच्या आत होती. तिने रस्ता पाहिला नव्हता, दुकान पाहिलं नव्हतं. बाप्या माणूस दिसला की ती आईच्या मागे लपायची. कमल कशासाठी आत होती ते मी विचारलं नाही. मोरेबाईंनी पुढे कधीतरी सांगितलं, पण ते इथे लिहिण्याची गरज नाही. खटला उभाच राहत नव्हता एवढं पुरे.

मी मोरेबाईंकडे पाहिलं. त्यांनी नाही अशी मान हलवली. मी रोल काढून त्यांच्या हातात दिला.

परीखसाहेबांनी खात्याला तातडीचं पत्र लिहिलं, मग दुसरं लिहिलं. उत्तर आलं की काचांचा निष्कर्ष आल्यावर कळवावे.

जूनच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला मोरेबाई स्वतः गेटवर आल्या होत्या. "फुटल्या," एवढंच म्हणाल्या.

तिन्ही काचा तडकल्या होत्या. खालची तर निखळून फरशीवर पडली होती आणि तिचे तुकडे कमलने एका वाटीत जपून ठेवले होते, मुलीच्या पायाला लागू नयेत म्हणून. पिंकीची घोंगडी पुन्हा त्याच जागी होती.

परीखसाहेबांनी निरोप दिला होता: सुटे फोटो नकोत, तडा वरपासून खालपर्यंत एका फोटोत हवा आणि उंची कळायला भिंतीशी माणूस उभा करा. हे आम्ही नेहमी करायचो. एवढ्या मोठ्या तड्यापुढे फूटपट्टी काडीसारखी दिसते. एरवी गवंडी नाहीतर शिपाई उभा राहतो. मी मोरेबाईंना म्हटलं, "मापासाठी कोणीतरी उभं राहायला हवं. पाठमोरं चालेल. तुमची एखादी शिपाई..."

मोरेबाई खिडकीकडे बघत होत्या.

"कमल," त्या म्हणाल्या, "पोरीला घेऊन ये. केस विंचर तिचे."

कमलने हलायला वेळ लावला. मग कोणीतरी फणी दिली, कोणी पावडर, कोणी लाल रिबीन. पिंकीला दोन वेण्या घातल्या. सगळ्या बायका एका बाजूला भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, लग्नात राहतात तशा.

"चेहऱ्याचं काय?" मी हळूच विचारलं.

"तुम्ही भिंतीचा फोटो काढताय ना? भिंतीपुढे काय उभं करायचं ते मी ठरवलंय. विचारलं तर मी सांगेन. तुम्ही तुमचं काम करा."

मी हातदिवा तिरपा लावला. तड्याच्या एका बाजूला कमल, दुसऱ्या बाजूला पिंकी, आणि तड्यावरून दोघींनी एकमेकींचा हात धरलेला. मी तसं सांगितलं नव्हतं. त्या तशा उभ्या राहिल्या. मी हसा म्हटलं नाही. कमल सरळ लेन्समध्ये बघत होती. पिंकी दिव्याकडे. मी श्वास धरून बटण दाबलं, आणि सावधगिरी म्हणून पुन्हा एकदा दाबलं. दुसरीकडे कुठेतरी मोठमोठ्या समारंभांचे फोटो काढणारी माणसं असतील. माझ्या कॅमेऱ्यासमोर तेवढ्या गंभीरपणे कोणी कधी उभं राहिलं नाही.

मोरेबाईंनी रोल घेतला. अधीक्षकांच्या परवानगीने तो मी तिथल्याच गावातल्या एका स्टुडिओत, त्यांच्या शिपायासमोर धुतला आणि फोटो छापून तपासायला नेले. अधीक्षक चष्मा कपाळावर सरकवून एकेक बघत होते. तो फोटो आला आणि थांबले.

"हे काय?"

"माप आहे, साहेब," मोरेबाई म्हणाल्या.

"चेहरे दिसतायत."

"हो साहेब."

माझं काम गेलं असतं तर परीखसाहेबांनी दुसरं दिलं असतं. मोरेबाईंची नोकरीची थोडीच वर्षं उरली होती, आणि त्यांचं तसं नव्हतं. अधीक्षकांनी फोटोतल्या पिंकीवर बोट ठेवलं.

"ही पोर झोपते कुठे?"

"जिथे उभी आहे तिथेच, साहेब. तिथे वारा लागतो."

त्यांनी फोटो उलटा केला, मागे सही केली आणि अहवालात लावायला दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "छापताना एखादी कॉपी बिघडते ना तुमची? ती फाडून टाकू नका. मोरेबाईंकडे द्या."

तो अहवाल खात्यात गेला. आधीच्या फोटोत फूटपट्टी होती, तेव्हा महिनाभर कोणी हाललं नाही. या फोटोनंतर आठवड्याच्या आत बराक रिकामी करायचा हुकूम आला. परीखसाहेब मला म्हणाले, "मी पंधरा पानं लिहिली, सुलभाबेन. कोणी वाचली नाय. पोरीची उंची सगळ्यांनी वाचली." जुलैत वडासकट भिंतीचा तो कोपरा खाली बसला. आत कोणी नव्हतं. दगड पार बराकीच्या मध्यापर्यंत आले होते, असं नंतर ऐकलं.

पण बराक रिकामी करणं म्हणजे तिथल्या बायकांना दुसरीकडे हलवणं. कमलला लांबच्या जिल्ह्यातल्या तुरुंगात नेलं. पिंकीला त्याच सुमारास बालगृहात ठेवलं, ते मात्र तुरुंगाच्या आधीच्याच गावात. म्हणजे माझ्या फोटोने त्यांचा जीव वाचला, आणि त्याच फोटोने त्यांच्यात दोनशे-तीनशे किलोमीटर घातले. याचा हिशोब मी पुष्कळदा मांडून पाहिला आणि सोडून दिला.

कमलचं पुढे काय झालं ते इथेच सांगते. काही वर्षांनी ती निर्दोष सुटली. मुलीला घेऊन कुठेतरी भावाकडे गेली. हे मला मोरेबाईंनी त्यांच्या निवृत्तीनंतर सांगितलं. त्याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पण त्याच्या आधीची, त्या पावसाळ्याच्या अखेरची गोष्ट राहिली. मोरेबाईंनी मला भाईंदरच्या पत्त्यावर एक पाकीट पाठवलं. आत ती बिघडलेली कॉपी. कमलला निघताना त्यांनी ती दिली होती आणि तिने ती परत केली होती. बरोबर मोरेबाईंची चार ओळींची चिठ्ठी: "कमल म्हणते, मला पोरीचं तोंड पाठ आहे. तिला माझं राहणार नाही. तिला द्या. मी युनिफॉर्ममध्ये गेले तर पोर घाबरेल. आपण जाल का?"

मी गेले. बालगृहाच्या फाटकावर कॅमेरा काढून घेतला, तिथेही पाटी होती. फोटो तेवढा आत नेऊ दिला. अधीक्षिकेने पिंकीला बोलावलं. केस बारीक कापलेले, अंगात निळा फ्रॉक. मला तिने ओळखलं नाही.

मी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. पहिल्यांदा तिने आईला पाहिलं की नाही मला सांगता येणार नाही. तिचं बोट तड्यावर गेलं आणि वरपासून खालपर्यंत फिरत आलं, आईच्या हातापाशी थांबलं.

"आई," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "इथं वारा येतो."

"हो."

"आता तिथं कोण झोपतं?"

भिंत पडून दोन महिने झाले होते. मी म्हटलं, "कोणी नाही."

तिने फोटो छातीशी धरला. तिच्या तोंडावर एकदम सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं.

"मग माझी जागा ठेवलीय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या मुलींना दाखवायला आत पळत गेली.